गोषा, सावली आणि साठ हजारांची पुडी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगताना आधी गल्लीचा नंबर सांगतात. मुख्य रस्त्याला काटकोनात फुटणाऱ्या या नंबरांच्या गल्ल्यांत कपड्यांच्या आणि मोबाइलच्या दुकानांना लागूनच दवाखान्यांच्या आणि लॅबच्या पाट्या दाटीने दिसतात. कागल, गडहिंग्लजपासून सीमेपलीकडच्या निपाणीपर्यंतचे पेशंट इथे येतात. दवाखान्याच्या बाकावर थोडा वेळ बसले, की दोन नावे हमखास कानावर पडतात : बी ट्वेल्व्ह आणि डी थ्री. ‘माझं डी थ्री अकरा आलंय’, ‘आमच्या वहिनींचं तर सातच होतं’, ‘मग काय, आठवड्याला एक पुडी, दुधातनं’. एका पिढीपूर्वी यातला एकही शब्द सामान्य माणसाच्या बोलण्यात नव्हता. शुगर, बीपी होते. डी थ्री नव्हते.

शब्द नवा असला तरी दुखणे नवे नाही. ड जीवनसत्त्वाची, म्हणजे या डी थ्रीचीच, कमतरता हा थंड, धुक्याच्या देशांचा आजार, आपल्याकडे उन्हाला काय तोटा, असे डॉक्टरांनासुद्धा बरीच वर्षे वाटत होते. कोल्हापूर विषुववृत्तापासून जेमतेम सतरा अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या ऐन थंडीतही दुपारी बारा-साडेबाराला सूर्य इथे क्षितिजापासून सुमारे 50 अंश वर असतो. त्याच दिवशी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात तो जेमतेम 11 अंश वर येतो. तरीही दोन्हीकडे हाडे मऊ पडण्याचा आजार नोंदला गेला, आणि आपल्याकडची त्याची एक महत्त्वाची नोंद शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच झाली. ती पुढे विसरली गेली, हे आपल्या वैद्यकाचे दुर्दैव.

ही नोंद नाशिकची. एच. एस. हचिसन यांनी स्थानिक सहकाऱ्यांसह नाशिक शहरातल्या मुडदुसाच्या कारणांचा शोध घेतला आणि 1921 साली ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’मध्ये तो छापला. पाठोपाठ 1922 मध्ये एस. जे. शहा यांच्याबरोबरचा त्यांचा मोठा लेख ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्या काळात युरोपात वाद पेटला होता. एक पक्ष म्हणत होता, मुडदूस अन्नातल्या उणिवेने होतो; दुसरा म्हणत होता, कोंदट घरे आणि अंधार याला कारण आहे. नाशिकच्या पाहणीने या वादात मोलाची भर घातली. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या सधन हिंदू आणि मुसलमान घरांतल्या बाळांना मुडदूस होत होता. त्या घरांतल्या वयात येणाऱ्या मुली आणि तरुण आया यांचीही हाडे दुखत होती, वाकत होती. आणि ज्यांच्या ताटात दूध-तूप जवळजवळ नव्हतेच, अशा शेतमजुरांच्या घरची मुले आईबरोबर दिवसभर रानात राहत. त्यांच्यात हा आजार फारसा आढळत नव्हता. ताट भरलेले असूनही हाडे मऊ आणि ताट रिकामे असूनही हाडे घट्ट, हा विरोधाभास हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट मांडला. फरक होता तो अंगावर पडणाऱ्या उन्हाचा.

हे कसे घडत असेल, ते समजण्यासाठी त्या काळच्या वाड्यातली बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे आणावी. माजघराच्याही आत, बहुतेक वेळा खिडकी नसलेली किंवा असलेली खिडकी गोणपाटाने बंद केलेली. वारा लागू नये म्हणून दारावर जाड पडदा. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यात ओवा, शेपा, लसणाच्या सालींची धुरी. सव्वा महिना आई आणि मूल त्या अंधारात. या खोलीमागची माया खरी होती, संसर्गापासून जपण्याचा हेतूही खरा होता. पण गोषा, म्हणजे पडदा, पाळणाऱ्या घरातल्या बाईचा हा सव्वा महिना संपतच नसे. ती बाहेर आली तरी माजघरापर्यंत, फार तर चौकापर्यंत. दुसरे बाळंतपण, तिसरे बाळंतपण. प्रत्येक बाळ आईच्या हाडांतला चुना घेऊन जाई, अंगावरच्या दुधातून आणखी जाई. भरून काढायला जे जीवनसत्त्व हवे, ते शरीरात तयार होण्याची सोयच उरलेली नसे.

कोल्हापूर संस्थानात गोषाची चाल राजघराण्यात आणि सरदार-मानकऱ्यांच्या घरांत पक्की होती. पुरुष डॉक्टरने गोषातल्या बाईला तपासायचे म्हणजे मधल्या बाईने लक्षणे सांगायची, पडद्याआडून फार तर हात पुढे यायचा. 1880च्या दशकात उभ्या राहिलेल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. शाहू महाराजांच्या पाठबळावर विलायतेत शिकून आलेली ही कोल्हापूरची लेक बायकांना हात लावून तपासू शकत होती. खुद्द महाराजांनी आपल्या विधवा सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, वाड्याच्या चौकटीबाहेर सोनतळी कॅम्पवर ठेवून शिकवले. त्यामागचा हेतू शिक्षणाचा होता, हाडांचा नव्हे. तरीही मोकळी हवा आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी बायकांना एकाच दारातून मिळाल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

गोषाची सर्वांत कडक किंमत बाळंतपणात मोजावी लागे. मऊ झालेली कंबरेची हाडे वरच्या भाराने आत दबतात, वाट अरुंद होते आणि मूल अडते. श्रीनगरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी 1928 मध्ये पडदापद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. काश्मिरातल्या सुखवस्तू, पडद्यातल्या बायकांना हा त्रास आणि होड्यांवर राहणाऱ्या कष्टकरी बायका मात्र त्यातून सुटलेल्या, हे त्यांनी पाहिले होते. दिल्लीत डॉ. ग्रेस स्टेपलटन यांनी 1925 मध्ये असेच लिहिले. नाशिक, श्रीनगर, दिल्ली : तीन शहरांतून एकच साक्ष येत होती.

युरोपात उत्तर वेगळ्या वाटेने सापडले. जपानमध्ये राहून आलेल्या थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरने 1890 मध्येच चीन, जपान, हिंदुस्थानातल्या सहकाऱ्यांना पत्रे पाठवून माहिती जमवली आणि मुडदुसाचे मूळ उन्हाच्या अभावात आहे, असे मांडले. त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1919 मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली मुडदुसाची मुले बसवली आणि ती बरी होताना क्ष-किरण चित्रांत दाखवली. त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या तेलाचा गुण सिद्ध केला. 1922 मध्ये अमेरिकेच्या मॅकॉलम यांनी तेलातला हा घटक ‘अ’पासून वेगळा काढला, अ, ब, क नंतरचे अक्षर ‘ड’ म्हणून ते त्याला चिकटले. ऊन आणि तेल ही एकाच औषधाची दोन रूपे आहेत, हे पुढच्या पाच-सहा वर्षांत उलगडले आणि 1928 चे रसायनशास्त्राचे नोबेल आडॉल्फ विंडाउस यांना मिळाले.

उन्हाचे काम साधे आहे. त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो. उन्हातले विशिष्ट अतिनील किरण, सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर लांबीचे, त्याच्यावर पडले की त्याचे ड-3 होते. पुढे यकृतात एक आणि मूत्रपिंडात एक असे दोन संस्कार झाले की ते कामाला लागते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. हे किरण काचेतून आत येत नाहीत. सूर्य खाली असताना हवेचा जाड थर त्यांना गाळून टाकतो. म्हणून सकाळी सातचे कोवळे ऊन अंगाला कितीही गोड वाटले, तरी ड जीवनसत्त्वासाठी ते फारसे उपयोगाचे नाही. ज्या वेळी आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, ती वेळ खरी.

महाराष्ट्राची सूर्यभक्ती नेमकी इथे थोडी चुकते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला, पुस्तके लिहिली, संस्थानच्या शाळांत ते सुरू केले. व्यायाम म्हणून त्याला तोड नाही, आणि व्यायामाचा ताण हाडांनाही हवाच असतो. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालणारी, बाळाला तेल लावून सकाळच्या उन्हात पाटावर निजवणारी ही संस्कृती उन्हाला देव मानत आली. पण नमस्कार घालायचे ते उजाडताना, आणि बाळ उन्हात ठेवायचे तेही कोवळ्याच. दुपारचे ऊन हे टाळायचे ऊन. त्यात शहाणपण आहेच, उन्हाळ्यात कोल्हापूरच्या दुपारी उघड्या डोक्याने फिरणे कोणी सांगणार नाही. मात्र त्यामुळे भक्तीची आणि ड तयार होण्याची वेळ जुळली नाही.

तेलाची गोष्ट वेगळी. कॉड लिव्हर ऑइल नॉर्वेहून यायचे. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि पुरवठा तुटला. तेव्हा मद्रास आणि मुंबई सरकारांच्या मत्स्यखात्यांनी देशी पर्याय शोधला : शार्क. कोकणच्या मच्छीमाराला मुशी आणि मोरी काही नवीन नव्हती. तिचे मटणासारखे कालवण आजही मालवणात आवडीने खातात. तिच्या काळजाला मात्र भाव नव्हता. युद्धाने तो आणला आणि मुंबईत शार्कच्या यकृताचे तेल काढणे सुरू झाले. या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असते, ड मात्र कमी. म्हणून ते प्रमाणित करून, ड मिसळून द्यावे लागे. साठ-सत्तरच्या दशकांत शाळेत गेलेल्या पिढीला नाक दाबून गिळलेला तो चमचा अजून आठवत असेल.

इंजेक्शनचा इतिहास याहून नाट्यमय आहे आणि राजारामपुरीच्या बाकावरच्या माणसाला तो थेट लागू आहे. 1930च्या दशकात जर्मन बालरोगतज्ज्ञांनी एक युक्ती काढली. रोज थेंब देण्याचा नेम आया पाळत नाहीत, तर मग एकदाच दणका द्यावा : सहा लाख युनिट एका घोटात. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, हळूहळू झिरपते, म्हणून हे जमते. पूर्व जर्मनीत तर निरोगी बाळांनाही दर काही महिन्यांनी सहा लाखांचा डोस देण्याची सरकारी पद्धत कित्येक वर्षे चालली. 1987 मध्ये अशा बाळांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात कॅल्शियम प्रमाणाबाहेर चढलेले आढळले. आपल्याकडे ‘सहा लाखांचं इंजेक्शन’ म्हणून जे शेंगदाणा तेलातले औषध कंबरेत टोचले जाते, तो आकडा याच घराण्यातला. हिशेब करून पाहावा : मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट धरली, तर सहा लाख म्हणजे एक हजार दिवसांची, पावणेतीन वर्षांची बेगमी एका सुईत.

स्वातंत्र्यानंतर गोषा सैल झाला, मुली शाळेत गेल्या, आणि मोठ्यांमधला हाडांचा मऊपणा पाठ्यपुस्तकातला आजार होऊन बसला. आठवण करून दिली ती पुन्हा परदेशाने. 1962 मध्ये ग्लासगोच्या डॉ. डनिगन आणि सहकाऱ्यांनी तिथे आलेल्या पाकिस्तानी कुटुंबांतल्या किशोरवयीन मुलामुलींमध्ये आणि बायकांमध्ये मुडदूस आणि अस्थिमृदुता नोंदवली. पुढे सगळ्याच भारतीय उपखंडातल्या स्थलांतरितांकडे लक्ष गेले आणि संशयाची सुई चपातीवर आली. कोंड्यासकटच्या पिठातले फायटेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि आतड्यातून तसेच बाहेर नेते. चपाती एकटी दोषी नव्हती. गव्हाळ-सावळी त्वचा, उत्तरेचा मंद सूर्य, अंगभर कपडे आणि फायटेट हे सगळे एकत्र आले होते. ज्वारीच्या भाकरीलाही हीच गोष्ट काही प्रमाणात लागू पडते. भाकरी सोडायचे त्यामुळे काही कारण नाही. तिच्याबरोबर ताक, दही, पालेभाजी, तीळ, नाचणी असावी, म्हणजे कॅल्शियमची बाजू सावरते.

तोवर रक्तातले ड मोजताच येत नव्हते. 1968 मध्ये अमेरिकेत हेक्टर डेलुका यांच्या प्रयोगशाळेने रक्तात फिरणारे ड जीवनसत्त्वाचे रूप, 25-हायड्रॉक्सी, ओळखले आणि 1971 पासून ते मोजण्याच्या पद्धती आल्या. आज लॅबच्या कागदावर जो आकडा येतो तो याच रूपाचा. भारतात या चाचणीने खळबळ उडवली ती 2000 साली. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रवींदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचे रक्त तपासले. उन्हात कवायत करणाऱ्या जवानांचे आकडे त्यातल्या त्यात बरे होते. रुग्णालयातच दिवस काढणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचे आणि गरोदर बायकांचे फारच खाली. रोग शोधणारेच रोगी निघाले. 2011 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नलिनी शहा यांच्या गटाने 25 ते 35 वयाच्या 1137 धडधाकट तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे 70 टक्क्यांचे प्रमाण 20 नॅनोग्रॅमच्या खाली होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी त्यानंतर ही चाचणी मोकळ्या हाताने लिहायला सुरुवात केली असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

पण खाली म्हणजे किती खाली? इथेच मोठा घोळ झाला. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2010च्या अखेरीस सांगितले, की 20 नॅनोग्रॅम जवळजवळ सर्वांना पुरतात. काही महिन्यांतच एंडोक्राइन सोसायटीने 20च्या खाली कमतरता आणि 30पर्यंत अपुरेपणा, अशी रेघ ओढली. जगभरच्या लॅबनी दुसरी रेघ छापली. त्यामुळे 24 आकडा आलेला धडधाकट माणूसही ठळक अक्षरांतल्या ‘कमी’ या शिक्क्यासह घरी जाऊ लागला. 2024 मध्ये त्याच एंडोक्राइन सोसायटीने आपली जुनी रेघ मागे घेतली आणि निरोगी प्रौढांची सरसकट ड चाचणी करू नये, असा सल्ला दिला. लॅबच्या छापील कागदावर मात्र अनेक ठिकाणी जुन्याच रेषा आहेत. पॅकेजमध्ये फुकट मिळते म्हणून केलेल्या चाचणीच्या आकड्यावर उपचार सुरू करणे हे आजच्या घडीला चुकीचे आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

याचा अर्थ राजारामपुरीत कमतरता नाही, असा मुळीच नव्हे. बंगल्यांच्या परसांच्या जागी अपार्टमेंट आली, खाली पार्किंग आणि वर बंद काचा. नोकरी बँकेत, शोरूममध्ये, शाळेच्या वर्गात. बागल चौकाकडून जनता बझारकडे दुपारी स्कूटीवरून जाणाऱ्या बाईचा पेहराव पाहावा : डोक्याला आणि चेहऱ्याला घट्ट स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, अंगात पांढरा सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. ज्या एका तासात ड तयार होऊ शकते, त्या तासात ऊन आणि तिची त्वचा यांची भेटच होत नाही. त्यातून जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागते, हे निराळेच. कोल्हापूरच्या ताटातही याची भरपाई नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्शात ड नगण्य. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून मिळणारे फेसाळ धारोष्ण दूध कॅल्शियमला उत्तम, पण त्यातही ड अगदी थोडे. 2018च्या केंद्रीय नियमांनुसार ज्या पिशवीवर अधिक-एफची खूण असते, त्या दुधात लिटरला 200 ते 300 युनिट मिसळलेले असतात. म्हणजे पावशेर-पाव लिटरच्या पेल्यात 50 ते 75. मदत होते, गरज भागत नाही. अंड्याचा पिवळा बलक आणि बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळी याहून बरी.

खऱ्या आजाराची ओळख कागदावर नंतर होते, आधी चालण्यावर होते. पन्नाशीची बाई तपासणीच्या खोलीत बदकासारखी डुलत येते. कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात, पण नेमके कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. जिना चढताना कठड्याला धरून अंग ओढावे लागते. उकिडवे बसून उठायला सांगितले तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, कारण मांड्यांच्या स्नायूंतली ताकद गेलेली असते. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबले की कळ येते. अशा बाईला वर्षानुवर्षे संधिवात, मणक्याची झीज, ‘मनाचं दुखणं’ अशी लेबले लागलेली असतात. मग रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज चढलेले मिळते, कॅल्शियम-फॉस्फरस कमी किंवा काठावर, पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेले, आणि कधी क्ष-किरण चित्रात जांघेच्या किंवा मांडीच्या हाडावर लूझरची रेघ दिसते; झ्युरिकच्या एमिल लूझर यांनी 1920च्या सुमारास तिचे वर्णन केले होते. म्हातारपणातली हाडांची ठिसूळता हा वेगळा आजार. तिथे हाड विरळ होते, दुखत नाही, पडल्यावर मोडते. इथे हाड मऊ होते आणि न पडताही दुखते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून डॉक्टरने नीट पाहावे लागते. चाचणी कोणाची करायची, याचेही उत्तर यातच आहे : अशी लक्षणे असलेल्यांची, हाड सहज मोडलेल्यांची, फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची, आतडे, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराच्या रुग्णांची.

आणि अशा रुग्णाला उपचाराने जो फरक पडतो, तो वैद्यकातल्या मोठ्या समाधानांपैकी एक आहे. साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्याला एक, अशा आठ. म्हणजे एकूण चार लाख ऐंशी हजार. ती जेवणानंतर, थोड्या स्निग्ध पदार्थाबरोबर घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते. सोबत पुरेसे कॅल्शियम, नाहीतर ड येऊन बांधायला चुनाच नसतो. काही आठवड्यांत कळा कमी होतात, काही महिन्यांत बाई हात न टेकता उठते. त्यानंतर महिन्याला एक पुडी, म्हणजे दिवसाला सरासरी दोन हजार, किंवा रोजची छोटी गोळी पुरते.

बिघडते ते पुढे. आठ आठवडे संपले तरी पुडी चालूच राहते, कारण ‘ताकदीचं औषध आहे, चांगलंच आहे’. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सहा लाखांचे इंजेक्शन दिलेले असते, ते फॅमिली डॉक्टरांना माहीत नसते, ते पुडी लिहितात. मेडिकल दुकानातून तिसरी कॅल्शियम-डी थ्रीची गोळी येते. मग भूक मरते, बद्धकोष्ठ होते, तहान आणि लघवी वाढते, कधी खडा होतो, कधी मूत्रपिंडच कामातून जाते. मोठा दणका फायद्याचाच असतो, या समजुतीला 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातून धक्का बसला. सत्तरीपुढच्या 2256 बायकांवरच्या तिथल्या चाचणीत वर्षाला एकदा पाच लाख युनिट देण्यात आले. ज्यांना औषध मिळाले, त्या औषध न मिळालेल्यांपेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या ‘व्हायटल’ अभ्यासानेही 2022 मध्ये दाखवले, की कमतरतेसाठी न निवडलेल्या सर्वसाधारण प्रौढांना रोज दोन हजार युनिट देऊन हाड मोडण्याचे प्रमाण कमी होत नाही. ज्याच्याकडे उणीव आहे त्याला ड अमृतासारखे आहे. ज्याच्याकडे नाही त्याला जादा देऊन काही हाती लागत नाही.

राजारामपुरीतल्या किंवा कुठल्याही गावच्या वाचकाने एवढे तरी करावे. घरातल्या प्रत्येकाची ड जीवनसत्त्वाची पुडी, गोळी आणि इंजेक्शन तारखेसकट एका कागदावर लिहावे आणि पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा. आठ पुड्या संपल्या की विचारल्याशिवाय नववी फोडू नये. आणि घरातली आई किंवा आजी जिन्याचा कठडा धरून चढत असेल, जमिनीवरून उठताना हात टेकत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता तिला आधी तपासायला न्यावे.